रिंगणातला अश्व पुसट येतोय : शटर स्पीड किती ठेवू?

माळावरचा पाऊस | शनिवार, रात्री १०.५०

राम कृष्ण हरी.

आज पुरंदावड्याला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण झालं. आमचं घर नातेपुत्यात, त्यामुळे सकाळीच दुकान भावाकडे सोपवून गेलो आणि कडेला जागा धरून बसलो. आईचे गुडघे यंदा अगदीच धरलेत, तिचं रिंगण चुकलं. तिला अश्व दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन संगणकावर उघडले तर अश्वाचे एकेचाळीस फोटो आणि धड एकही नाही. मागे उभे असलेले वारकरी स्वच्छ आलेत, एका बाबांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा दिसतो. पुढून धावणारा अश्व मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखा.

कॅमेरा सेकंडहँड घेतलेला आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. फोटोच्या माहितीत शटर १/२०० (म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग उघडं), अपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) २०० असं दिसतंय. कॅमेरा पी मोडवर होता, म्हणजे शटर-अपर्चर तोच ठरवत होता, आणि आभाळ भरलेलं होतं. लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण चालू होतं, तरी असं का? ओळखीतला एक जण म्हणतो, महागडी लेन्स घेतल्याशिवाय हे जमायचं नाही. तसं असेल तर यंदा राहू दे.

मंगळवारी बाजीरावाच्या विहिरीजवळ परत रिंगण आहे. तिथे जाईन म्हणतो. तेवढ्यात काही शिकता येईल का?

रानवाट | शनिवार, रात्री ११.१५

लेन्स घेऊ नका, आहे ती पुरेशी आहे. कॅमेरा टीव्ही (Tv) मोडवर करा, म्हणजे शटर तुम्ही ठरवायचं आणि बाकीचं तो बघतो. शटर १/१०००, आयएसओ ऑटो. अश्व स्वच्छ येईल. मी बैलगाडा शर्यतींचे फोटो असेच काढतो.

गवतफुला | शनिवार, रात्री ११.४०

रानवाट यांचं उत्तर बरोबर आहे, पण का ते कळलं तर मंगळवारी उपयोग होईल.

तुमच्या वर्णनातच निदान आहे. फोटो बिघडला की आधी मागचं बघायचं. मागचं स्वच्छ आणि अश्व पुसट, म्हणजे तुमचा हात हललेला नाही, अश्वाला शटर कमी पडलं. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. अश्व मऊ पण त्याच्या पुढची किंवा मागची माती कणाकणानं स्वच्छ, तर फोकस चुकला. तिन्ही चुका लांबून सारख्या दिसतात, उपाय मात्र वेगळे.

स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप शांत करतो, म्हणून तर बुक्का दिसला. २५० मिमीला हातात धरून एरवी निदान १/४०० लागलं असतं. लेन्स जेवढ्या मिमीची, निदान तेवढाव्या भागाचं शटर हा ठोकताळा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) लहान, म्हणून २५० गुणिले १.६. स्टॅबिलायझरमुळे १/२०० ला निभावलं. समोरच्याचं धावणं तो थांबवू शकत नाही. पी मोडला समोर अश्व आहे की देऊळ, हे कळत नाही. आयएसओ २०० ला उजेड पुरला आणि त्यानं १/२०० दिलं.

मिलीसेकंद | रविवार, सकाळी ७.०५

थोडं गणित करतो. मला स्वतःला हे आकड्यांनीच समजलं.

दौडणारा घोडा सेकंदाला साधारण १२ मीटर जातो असं धरू, म्हणजे ताशी त्रेचाळीस-चव्वेचाळीस किमी. शटर १/२०० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो ६ सेंमी पुढे सरकतो. त्या ६ सेंमीत त्याचा डोळा, लगाम, आयाळ सगळं एकमेकांवर सारवलं जातं. १/१००० ला १.२ सेंमी. १/२००० ला ६ मिमी.

पण सेंमी महत्त्वाचे नाहीत, फोटोत ते केवढे दिसतात ते महत्त्वाचं. अश्वानं निम्मी चौकट भरली असेल तर सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत त्याच्या वाट्याला तीन हजार. घोडा सुमारे २.४ मीटर लांब धरला तर एक पिक्सेल म्हणजे ०.८ मिमी. १/१००० ला १५ पिक्सेलचा ओघळ. मोबाईलवर बघाल तर तो जाणवणार नाही, भिंतीवर मोठा लावाल तर कडा मऊ दिसतील. तोच अश्व लांबून पाव चौकटीत घेतलात तर ओघळ निम्मा. म्हणून ‘घोड्याला किती शटर’ याला एकच आकडा नसतो. अंतर, लेन्स आणि तो तुमच्या समोरून आडवा जातोय की अंगावर येतोय, यावर सगळं अवलंबून आहे. अंगावर येणारा अश्व चौकटीत फारसा सरकत नाही, हळूहळू मोठा होतो. तिथे १/५०० लाही बरंच जमतं.

आणखी एक. बिघडलेले फोटो खोडू नका. त्यात पाय नीट बघा. जमिनीवर टेकलेला खूर त्या क्षणी जागचा हलत नसतो. सायकलच्या चाकाचं तसंच, खाली जमिनीशी आरे स्पष्ट आणि वर नुसता धूर.

माळावरचा पाऊस | रविवार, दुपारी २.२०

मिलीसेकंद, आत्ता दुकानातून जेवायला घरी आलो आणि आधी फोटो उघडले. एकतीस नंबरचा! अश्व पूर्ण ओघळलाय, पण मागचा एक खूर लख्ख आहे. त्याच्याभोवती उडालेली ढेकळं पुसट आणि मधोमध तो एक खूर रोवलेला. आईला दाखवला. ती म्हणाली, याच पायाखालची माती आपण कपाळाला लावतो. तो फोटो आता ठेवणार.

१/१००० करायचं कळलं. पण शटर पाच पट भरभर मिटलं तर अंधार पडेल ना?

गवतफुला | रविवार, दुपारी ३.००

पडेल, आणि तो भरून काढायला आयएसओ आहे. २५० मिमीला तुमचं अपर्चर ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. म्हणजे शटर पाचपट आवळलं की आयएसओ पाचपट, २०० चा १०००. आषाढातल्या ढगात एवढा लागतोच. थोडे दाणे दिसतील. दाणेदार अश्व चालतो, ओघळलेला पुसून स्वच्छ करता येत नाही.

आज घरीच एक करून बघा. छताच्या पंख्याच्या एका पात्याला टोकाशी एक टिकली लावा, दुसरी मोटरीजवळ. पंखा पाचवर. खिडकी उघडी, दिवे बंद. आडवं झोपून १८-५५ नं १/३० पासून १/१००० पर्यंत एकेक फोटो घ्या. दिवे बंद ठेवाच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात आणि वेगवान शटरला एक फोटो उजळ, एक काळसर, कधी चौकटीत पट्टे असं होतं. रात्री कीर्तनाच्या मंडपात हाच त्रास होतो. तिथे १/१०० किंवा १/५० ला राहिलं की पट्टे बहुधा जातात.

अधांतरी | रविवार, संध्या. ६.३०

मी वृत्तपत्रासाठी वारीचे फोटो पुष्कळ वर्षं काढले, फिल्मवर. एका रोलमध्ये ३६ फोटो आणि रिंगण काही मिनिटांचं. ४०० आयएसओची फिल्म ८०० ची आहे असं धरून फोटो काढायचे आणि ती डार्करूममध्ये जास्त वेळ धुवायची, तेव्हा कुठे १/५०० मिळायचं.

मला वेगळं सांगायचंय. पुढे १/२०००, १/४००० देणारे कॅमेरे हाती आले तेव्हा मी सगळं त्यावरच काढायला लागलो. एका वर्षी अश्वाचा फोटो छापून आला. चारही पाय हवेत, लगामाचा दोरा न दोरा दिसतोय, मागे माणसं खिळल्यासारखी. घरी वडील म्हणाले, ‘हा मातीचा घोडा कुणी उचलून धरलाय?’ त्यांनी पन्नास वाऱ्या केल्या होत्या. रिंगणात जे असतं, टापांचा आवाज, धुरळा, एकदम उसळलेली माणसं, त्यातलं काही त्या फोटोत नव्हतं.

तेव्हापासून मी १/६० ला येऊन थांबलो. अश्वाबरोबर कॅमेरा फिरवायचा. जमला तर अश्वाचं डोकं आणि छाती स्वच्छ, पाय वाऱ्यासारखे आणि मागचे पांढरे सदरे, भगव्या पताका यांच्या आडव्या रेघा. याला पॅनिंग म्हणतात. वीसात एखादा जमतो, पण तो धावणारा अश्व असतो.

रानवाट | रविवार, संध्या. ७.१०

काका, आदर ठेवून असहमत. यांच्या आईला अश्व बघायचाय. वीसात एखाद्याच्या भरवशावर मंगळवार घालवू नये. आणि चारही पाय हवेतला क्षण डोळ्याला कधीच दिसत नाही, तो फक्त शटर दाखवतं. ती किंमत मला मोठी वाटते.

दूरदेशी | रविवार, रात्री ९.४५

रानवाट यांच्या वाक्यावरून लिहितो. मी राहतो तिथून स्टॅनफर्ड विद्यापीठाचा परिसर जवळ आहे. ती जागा मूळची लेलंड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांच्या फार्मची. तिथेच १८७८ साली छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याचे फोटो काढले. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा वाद होता. त्यांनी धावपट्टीच्या कडेनं ओळीत कॅमेरे मांडले, आडवे दोरे बांधले. घोड्याच्या पायानं दोरा ओढला गेला की शटर पडायचं. काचेच्या ओल्या प्लेटला भरपूर उजेड लागायचा, म्हणून मागे पांढरा पडदा आणि खालची जमीनही पांढरी केली होती.

उत्तर मिळालं, पाय सुटतात. पण चित्रकार काढायचे तसे पुढे-मागे ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षं माणसं घोडे बघत होती आणि कुणाच्या डोळ्याला हे दिसलं नव्हतं.

अधांतरी | रविवार, रात्री १०.२०

सुंदर माहिती. याची दुसरी बाजूही आहे. फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक, डॅगेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. काही मिनिटं उघडा ठेवलेला. गाड्या, घोडे, माणसं सगळी चालत राहिली म्हणून उमटलीच नाहीत. उमटला फक्त एका ठिकाणी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस. लांब शटर जो थांबला त्यालाच ठेवतं. रिंगणात थांबलेला कोण आणि धावणारा कोण हे ठरवलं की आकडा आपोआप सुचतो.

रानवाट, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आईसाठी आधी स्वच्छ फोटो. अश्व एकच फेरी मारत नाहीत. पहिली फेरी १/१००० ला, मग १/६०.

माळावरचा पाऊस | सोमवार, सकाळी ८.१५

पंखा झाला. आईच्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या लावल्या आणि सतरंजीवर आडवा झालो.

१/३० ला टोकाची टिकली दिसतच नाही, लाल धूसर कमान आहे. मोटरीजवळची लाल रेघ. १/२५० ला टोकाला बोटभर लांब रेघ, आतली जवळजवळ टिकलीसारखी. १/१००० ला टोकाची शेंगदाण्याएवढी लांबट, आतली गोल. पण तिथे आयएसओ ६४०० गेला आणि छत वाळू टाकल्यासारखं दिसतंय.

एकाच पात्यावरच्या दोन टिकल्या, एकच शटर, आणि एक थांबली, एक नाही! हे बघून मिलीसेकंद काय म्हणत होते ते कळलं.

मिलीसेकंद | सोमवार, सकाळी ८.५०

वा! पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल आणि टोक मध्यापासून ६० सेंमीवर असेल तर टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर येतो. अश्वापेक्षा जास्त. घरातल्या घरात तुम्ही रिंगणापेक्षा अवघड फोटो काढलात. अश्वाच्या अंगातही अशाच टिकल्या आहेत. धड एका वेगानं जातं, पुढे फेकला जाणारा पाय दुपटीहून जास्त वेगानं, टेकलेला शून्यानं.

चिंचपोकळी | सोमवार, दुपारी १२.३०

मोबाईलवर हे जमतं का? माझ्याकडे कॅमेरा नाही.

गवतफुला | सोमवार, दुपारी १.१०

प्रो मोड असेल तर शटर हातानं ठरवता येतं, स्वच्छ फोटो छान मिळतील. दिवसा १/६० ला जाताना अडचण येते. मोबाईलचं अपर्चर बहुधा बदलत नाही, त्यामुळे फोटो पांढरा पडतो. ढगाळ संध्याकाळी करून बघा. आणि मोबाईलचा सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, म्हणून झपकन फिरवला की विजेचे खांब तिरके येतात. तो तुमचा दोष नाही.

गणिताचे मास्तर | सोमवार, रात्री ९.००

धागा आजच वाचला. पॅनिंगबद्दल एक सुचवतो, दहावीच्या भूमितीतून.

अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आठवा : वर्तुळाच्या परिघावरचा कोन त्यानं अडवलेल्या कंसाच्या निम्मा असतो. गोल रिंगणात अश्व परिघावरून सारख्या वेगानं धावतो आणि तुम्हीही जवळजवळ त्याच परिघावर उभे आहात. मग तुमच्या कॅमेऱ्यातून दिसणारा त्याचा कोन सारख्याच गतीनं बदलतो. तो समोरच्या टोकाला असो की बाजूला, कॅमेरा एकाच लयीत वळवायचा. सरळ रस्त्यावरच्या गाडीला असं होत नाही. ती जवळ येताना मान झटकन वळवावी लागते.

तुम्ही प्रत्यक्षात वाटेच्या थोडे बाहेर असता, म्हणून अगदी पुढ्यातून जाताना हे लागू नाही. तिथला नाद सोडा. समोरच्या टोकाला तो पूर्ण आडवा दिसतो, तिथे दाबा.

अधांतरी | सोमवार, रात्री ९.२५

मास्तर, नमस्कार घ्या. वीस-पंचवीस वर्षं मी समोरच्या टोकालाच दाबत आलो, तिथे बरं जमतं एवढंच माहीत होतं. कारण आज कळलं.

पाऊसराव, उभं कसं राहायचं तेवढं सांगतो. जिथे दाबायचं त्या दिशेला पावलं ठेवा आणि तो येतोय तिकडे कमरेतून वळा. कोपरं बरगड्यांना. अश्व आधीच चौकटीत धरा, कानशिलावर फोकस राहू द्या, वळत या, दाबा आणि दाबल्यावरही वळत राहा. बहुतेक फोटो दाबताना हात थांबल्यामुळे जातात. आज रात्री रस्त्यावर मोटारसायकलींवर सराव करा.

गवतफुला | सोमवार, रात्री ९.४०

आणि १/१००० वरून १/६० ला यायला तुमच्या कॅमेऱ्यावर चाकाच्या बारा टकटक लागतील. तिथे स्क्रीनकडे बघायला वेळ नसतो. डोळे मिटून बारा मोजायचा सराव ठेवा.

माळावरचा पाऊस | बुधवार, सकाळी ६.३०

काल रात्री उशिरा पोचलो, म्हणून आत्ता लिहितोय.

गर्दी पुरंदावड्याहून जास्त. पण एका माउलींनी कॅमेरा बघून आपल्याशेजारी जागा करून दिली. पहिल्या फेरीला १/१०००, आयएसओ १२५० वर गेला. स्वाराचा अश्व पुढे, मागे माउलींचा, पाठीवर कुणी नाही. चार फोटो स्वच्छ. एकात माउलींच्या अश्वाचे चारही पाय पोटाखाली गोळा झालेत, दूरदेशींनी लिहिलं तसे. जमिनीपासून वीतभर वर आणि खाली त्याची अस्पष्ट सावली.

मग बारा टकटक. १/६०, आयएसओ १००. समोरच्या टोकाला सत्तावीस फोटो, त्यातले दोन जमले. मास्तर, लय खरंच सापडते. एकदा वळायला लागलो की अश्व चौकटीत बसल्यासारखा राहतो. दोनातल्या एकात डोळा स्वच्छ, आयाळ मागे आणि पताकांची नुसती केशरी ओढ.

रिंगण संपल्यावर बायका-पुरुष फुगड्या घालायला लागले. १८-५५ लावली, खाली बसलो, कोपरं गुडघ्यांवर टेकवली. काकांचं ते ‘थांबलेला कोण, धावणारा कोण’ आठवलं आणि शटर १/८ केलं. अपर्चर एफ २२ वर गेलं. दोन आज्जी फुगडी घालत होत्या. फोटोत त्यांचे चेहरे नाहीत, लुगड्यांचं एक हिरवं-जांभळं वर्तुळ आहे. भोवती उभ्या असलेल्या बायका स्वच्छ, एक हसतेय. आणि वर्तुळाच्या बरोब्बर मध्ये चार हात, एकमेकांत अडकवलेले, बांगड्यांसकट स्पष्ट. मोटरीजवळची टिकली.

आईनं स्वच्छ अश्व पाहिला, हात जोडले. पॅनिंगचा पाहून म्हणाली, आला बघ. फुगडीच्या फोटोवर मात्र बराच वेळ थांबली. मग सांगायला लागली की हात असे उलटे धरले की सुटत नाहीत, आणि तिची नि मावशीची फुगडी वेळापूरच्या मुक्कामात कशी रंगायची. हे मला माहीत नव्हतं.

तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत. एक शंका राहिली. फुगडीच्या फोटोत आभाळात चार-पाच काळपट ठिपके आहेत, सगळ्या १/८ च्या फोटोंत त्याच जागी. १/१००० च्या फोटोंत नाहीत. शटरचं काही बिघडलं का?

गवतफुला | बुधवार, सकाळी ७.१५

शटर ठीक आहे. ती सेन्सरवर बसलेली धूळ. धुरळ्यात लेन्स बदललीत ना, तेव्हा आत गेली असणार. एफ २२ ला अपर्चर बारीक होतं आणि ठिपक्यांची सावली उठून दिसते, ५.६ ला ती पसरून जाते. फडकं किंवा तोंडाची फुंकर लावू नका. रबरी ब्लोअर आणा. मेन्यूत सेन्सर सफाईचा पर्याय असतो, तो घेतला की आरसा वर होतो. कॅमेरा उपडा धरून लांबूनच हवा मारा. पुढच्या वेळी धुळीत १/८ हवं असेल तर आठ पट उजेड अडवणारा एनडी फिल्टर लावा. अपर्चर ८ पर्यंत उघडता येईल आणि ठिपके फारसे दिसणार नाहीत.

फुगडीचा फोटो इथे टाका.

रानवाट | बुधवार, सकाळी ७.४०

टाकाच. आणि तो खुराचाही.